म्हाताऱ्या माणसांच्या घरातली ऊब: पैसे कोणी भरायचे आणि हुशार थर्मोस्टॅटचं काम काय?

शेकोटी (धागाकर्ती)

ज्या देशांत हिवाळाभर घर तापवावं लागतं, तिथे वृद्धांवरच्या खर्चाची चर्चा निघाली की हल्ली दोन वाक्यं जोडीने ऐकू येतात. पहिलं, पेन्शन आणि शुश्रूषेचा बोजा पेलवेनासा झालाय, कुठेतरी हात आखडता घ्यायलाच हवा. दुसरं, आता तंत्रज्ञान आलंय, हुशार थर्मोस्टॅट (घराचं तापमान स्वतःच कमी-जास्त करणारं, फोनवरूनही चालणारं भिंतीवरचं यंत्र) बसवा, बिल आपोआप उतरेल, मग हिवाळ्यासाठी वेगळे पैसे कशाला द्यायचे?

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याने मात्र मी अस्वस्थ होते, म्हणून हा धागा काढलाय.

ही उपकरणं पैसे वाचवतात ते कसे, ते बघा. घरातली माणसं सकाळी बाहेर पडली की थर्मोस्टॅट तापमान खाली आणतो आणि ती परतायच्या आधी पुन्हा वर नेतो. मधले आठ-दहा तास रिकामं घर कमी तापवलं, तेवढी बचत. आता पंचाहत्तरीच्या पुढचं, एकटं राहणारं माणूस डोळ्यांपुढे आणा. ते बाहेर पडतं ते तासाभरासाठी, तेही हवा बरी असली तर. घर रिकामं असतं कधी? मग बचत येणार कुठून? माणूस आत असताना घर थोडं थंड ठेवूनच येणार, दुसरीकडून येणं शक्य नाही.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून पेन्शनच्या वयाच्या लोकांना हिवाळ्यातल्या इंधनासाठी रक्कम मिळायची, जवळपास सगळ्यांनाच. २०२४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ती फक्त अगदी कमी उत्पन्नाचा भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली. त्यावर एवढा गदारोळ झाला की वर्षभराच्या आत सरकारला मागे यावं लागलं आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ती पुन्हा सुरू झाली. मर्यादा कुठे आखायची यावर भांडता येईल. पण माणसाला घरात ऊब लागते आणि तिला पैसे पडतात, हा मुद्दा कुठलंही यंत्र बसवून मिटत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे पैसे नक्की कोणत्या खिशातून यायला हवेत? आणि या उपकरणांचा वृद्धांच्या घरात खरा उपयोग आहे का, असला तर कोणता?

हिशेबनीस

चांगला विषय. पेन्शनचे हिशेब करण्यात माझा सगळा व्यवसाय गेला, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

सरकारी पेन्शन म्हणजे आपण भरलेले पैसे कुठेतरी साठून राहतात आणि म्हातारपणी परत मिळतात, असा समज सर्रास आढळतो. बहुतेक देशांत तसं नसतं. आज नोकरी करणाऱ्यांची वर्गणी आजच्या निवृत्तांना दिली जाते. जर्मनीत तेव्हाच्या चान्सलर बिस्मार्कने १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा आणला, तेव्हा कामगार आणि मालक दोघांची वर्गणी आणि वर सरकारची भर अशी रचना होती. पेन्शनचं वय होतं ७०. तेवढं जगणारेच कमी, त्यामुळे योजना हलकी होती. १९१६ मध्ये वय ६५ केलं आणि पुढे कितीतरी देशांनी तोच आकडा उचलला. माणसाचं आयुष्य वाढत गेलं, आकडा मात्र कित्येक दशकं तिथेच राहिला.

संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये जगात पहिल्यांदाच ६५ च्या पुढच्यांची संख्या पाच वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त झाली. २०२२ मध्ये जगात दर शंभरांमागे साधारण १० जण ६५ किंवा त्याहून मोठे होते, २०५० पर्यंत ते १६ होतील असा अंदाज आहे. जपानमध्ये आजच ते २९ च्या आसपास आहेत.

यावर उपाय तीनच: वर्गणी किंवा कर वाढवा, पेन्शन कमी करा, निवृत्ती लांबवा. बाकीचं सगळं यांचंच मिश्रण. डेन्मार्कने २०२५ मध्ये निवृत्तीचं वय २०४० पर्यंत ७० वर न्यायचा कायदा केला. स्वीडनने तर पेन्शनच्या सूत्रातच आपोआप लागणारा ब्रेक बसवला: योजनेची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त झाली की पेन्शनची वाढ आपसूक मंदावते. २०१० मध्ये तो ब्रेक खरोखर लागला आणि लोकांच्या हातात येणारी रक्कम घटली. राजकारण्यांना दर वेळी वाईटपणा घ्यावा लागत नाही हा त्याचा फायदा. पण घरी बिल आल्यावर त्या सूत्राशी बोलता येत नाही.

शुश्रूषेचा खर्च ही वेगळी गोष्ट आहे. पेन्शन सगळ्यांनाच लागते. अंथरुणाला खिळून राहणं मात्र काहींच्याच वाट्याला येतं आणि ज्यांच्या येतं त्यांना धुऊन काढतं. जे काहींवरच कोसळतं त्यासाठी विमा हाच शहाणा मार्ग. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला, जपानने २००० मध्ये. जपानमध्ये चाळिशी उलटली की हप्ता सुरू होतो. लाभार्थ्याचा वाटा वगळता निम्मा खर्च हप्त्यांतून आणि निम्मा करांतून येतो. लाभ घेणाऱ्याने खर्चाचा दहावा हिस्सा भरायचा, उत्पन्न जास्त असेल तर वीस ते तीस टक्के.

आता ऊब यात कुठे बसते? कुठेच बसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. थंड घरामुळे माणूस आजारी पडला तर खर्च आरोग्यखात्यावर पडतो. घर नीट करायचं तर पैसे घरमालकाचे किंवा गृहनिर्माण खात्याचे. बिल त्या म्हाताऱ्या माणसाचं. जो खर्च करतो त्याच्या वहीत बचत दिसतच नाही. म्हणून सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त वस्तू भिंतीवर बसवून मोकळे होतात.

बाराखडी

मी तिशीत आहे, भाड्याने राहते आणि दर महिन्याला पगारातून बरीच रक्कम या योजनांसाठी जाते. त्यामुळे थोडं कडू लागेल असं लिहिणार आहे.

माझ्या घराच्या खिडक्यांतून वारा येतो. हीटर लावायचा की नाही याचा विचार मीही करते. माझ्या पगारातले पैसे जातात कोणाकडे? ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मालकीची मोठी घरं आहेत त्यांच्याकडे. चार खोल्यांच्या घरात एक माणूस राहतं आणि ते घर तापवायला मी हातभार लावायचा. मी निवृत्त होईन तेव्हा वय ७० असेल की ७३, कोणी सांगू शकत नाही.

वृद्धांनी गारठावं असं मला मुळीच वाटत नाही. पण 'वृद्ध' म्हणजे 'गरीब' हे गृहीत धरणं थांबवा. मदत गरजेवर ठरवा, वयावर नको.

शेकोटी

बाराखडी, कडू वगैरे काही नाही, हा मुद्दा आलाच पाहिजे. एकच विचारते: घर मोठं पण हातात पैसा नाही, अशांचं काय? विटा विकून बिल भरता येत नाही.

पान्हा

घरं तापवायच्या यंत्रणा बसवणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, ते देतो.

शेकोटी म्हणतात ते खरं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा नेहमी दिला जाणारा आकडा असा: दिवसातले आठ तास थर्मोस्टॅट साधारण ४ ते साडेपाच अंश सेल्सियसने खाली ठेवला तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. म्हणजे जास्तीत जास्त दहा, आणि तेही रोज आठ तास थंडी चालत असेल तर. रात्री पांघरुणात असताना थोडं कमी केलं तर ठीक, पण दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे आठ तास आणायचे कुठून?

आता एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट, कारण ही कुठल्याच माहितीपत्रकात नसते. एका आजींच्या घरी 'घर सारखं गार पडतं' अशी तक्रार होती. बॉयलर (पाणी तापवणारं यंत्र) उत्तम. रेडिएटर (त्या गरम पाण्याने खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे) उत्तम. थर्मोस्टॅटमध्ये घरात कोणी आहे का हे ओळखणारा सेन्सर होता. हा सेन्सर उबदार वस्तूची हालचाल टिपतो, नुसती वस्तू नाही. आजी दुपारी खुर्चीत बसून वाचायच्या, मग डुलकी लागायची. दोन तास हालचाल नाही, यंत्राचा निष्कर्ष: घरात कोणी नाही. तापमान १६ वर. गारठून आजी उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, यंत्राला पुन्हा माणूस दिसायचं. तोवर भिंती थंड झालेल्या, पुन्हा तापायला दीड तास.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते ज्या घरासाठी बनवलं होतं ते घर वेगळं होतं, एवढंच.

दुसरी नेहमीची भानगड रेडिएटरवर बसवायच्या हुशार व्हॉल्व्हची, म्हणजे त्यातलं गरम पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपेची. त्याचा तापमापक रेडिएटरला चिकटून असतो. वरून जाड पडदा आला किंवा पुढे सोफा सरकवला की गरम हवा तिथेच कोंडते. व्हॉल्व्हला वाटतं खोली २२ अंशांवर गेली, तो बंद होतो. खुर्चीपाशी असतात १७. ॲपवर मुलाला दिसतं २२. मुलगा म्हणतो, आई उगाच कुरकुर करते. उपाय सोपा आहे: वेगळा छोटा सेन्सर घ्यायचा, माणूस जिथे बसतं तिथे, बसल्यावर छातीच्या उंचीवर, उन्हापासून आणि दिव्यापासून लांब ठेवायचा आणि व्हॉल्व्हला त्याचंच ऐकायला लावायचं.

हीटपंप (बाहेरची उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) असेल तर प्रकरण आणखी निराळं. तो कमी तापमानाच्या पाण्यावर संथ, अखंड चालवण्यात फायदा असतो. सारखं खाली-वर केलं की परत वर आणताना त्याला जोर लावावा लागतो आणि बचत हातची जाते.

तुमच्याकडे नव्या पद्धतीचा, धुरातली उष्णता परत घेणारा बॉयलर असेल तर फुकटात होणारं एक काम सांगतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान कमी करून घ्या. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच तो बॉयलर खऱ्या अर्थाने काटकसर करतो. कितीतरी ठिकाणी जाणारं पाणी उगाच ७५-८० वर ठेवलेलं असतं. टाकीतल्या अंघोळीच्या गरम पाण्याला मात्र हात लावू नका. तिथे ६० अंश लागतात, नाहीतर लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि तो म्हाताऱ्यांच्याच फुप्फुसांना जास्त धोकादायक असतो.

दीपमाळ

वृद्धांच्या विभागात नर्स आहे. पान्हा यांचा प्रतिसाद आमच्याकडे छापून लावावा असा आहे.

थंडीने माणूस मरतं म्हटलं की लोकांना बर्फात सापडलेला मृतदेह आठवतो. शरीराचं तापमान ३५ च्या खाली जाऊन दगावणारे एकूण आकड्यात थोडे असतात. खरे बळी जातात हृदयाचे आणि श्वसनाचे. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट होतं, गुठळी व्हायची शक्यता वाढते. गारठ्याच्या लाटेनंतर काही दिवसांनी झटका आणि पक्षाघाताचे रुग्ण येतात, छातीचे संसर्ग त्याहून थोडे उशिरा. दाखल करताना 'थंड घर' असा शब्द कागदावर कोणी लिहीत नाही. हिशेबनीस म्हणतात तो वहीचा घोळ इथेही आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घरातलं किमान तापमान १८ अंश सांगितलंय. तेही सर्वसाधारण निरोगी लोकांसाठी. म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी यांना त्याहून जास्त लागू शकतं.

एक गोष्ट घरच्यांनी नक्की लक्षात ठेवावी. वय वाढलं की थंडी कळणंच कमी होतं. 'मला नाही वाजत' हे खरं असतं, ते खोटं बोलत नाहीत. शरीर गार पडत असतं आणि मेंदूपर्यंत निरोप नीट पोचत नाही. बोटं आखडतात, चाल बिघडते, पडणं होतं, खुबा मोडतो. म्हणून खोलीत अंकांनी तापमान दाखवणारं साधं यंत्र असणं महत्त्वाचं, हुशार असो की नसो.

आणि कडाक्याचा हिवाळा म्हणजे जास्त मृत्यू, हेही तितकंसं खरं नाही. हिवाळ्यात मृत्यू किती टक्क्यांनी वाढतात हे पाहिलं तर पोर्तुगाल आणि स्पेन फिनलंडपेक्षा वाईट ठरलेत. फिनलंडमध्ये बाहेर उणे वीस असलं तरी घर बंदिस्त आणि उबदार असतं. सौम्य हवेच्या देशांत घरं बांधतानाच थंडीचा विचार झालेला नसतो. म्हणजे प्रश्न हवामानाचा कमी आणि भिंती-खिडक्यांचा जास्त आहे.

उत्तरायण

नमस्कार. मी सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. ज्यांच्याबद्दल ही चर्चा चालली आहे त्यांच्यापैकी एक. म्हणून दोन शब्द.

माझ्या घरात आकडे दाखवणारे दोन पडदे, म्हणजे स्क्रीन, आहेत. एक थर्मोस्टॅटचा, दुसरा वीज-गॅसच्या मीटरचा. दुसऱ्यावर आज किती पैसे झाले ते क्षणाक्षणाला दिसते. ते यंत्र काटकसरीसाठी दिलेले आहे. परिणाम सांगतो. हिवाळ्यात दुपारी चारला मी त्या आकड्याकडे बघतो आणि हीटिंग बंद करतो. खोली गार आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. आमच्या पिढीला वाढता आकडा बघवत नाही. मी माझ्या ओळखीच्या समवयस्कांना विचारले, त्यांच्यातही हेच चालते. तो पडदा मी आता कपाटात ठेवला आहे.

थर्मोस्टॅट मुलीने बसवला. ती दुसऱ्या देशात असते. तिच्या फोनवर माझ्या घराचे तापमान दिसते आणि तिला ते बदलताही येते. मी कमी केले की ती वाढवते. तिच्या मनात माया आहे हे मला कळते. पण बिल माझ्या नावावर येते, आणि माझ्या घरातली भिंत माझे ऐकत नाही ही भावना चांगली नाही. स्वतःच्या घराचा ताबा हळूहळू निसटणे म्हणजे काय, ते या वयात इतर अनेक गोष्टींतून कळतच असते.

बाराखडी यांचे म्हणणे मला पटते, हेही नोंदवतो. मला मिळणारी हिवाळी रक्कम गरज नसलेल्यांनाही मिळते आणि ते योग्य नाही. पण गरज सिद्ध करायला जे अर्ज भरावे लागतात ते पाहिल्यावर, ज्यांना खरी गरज आहे ते अर्ज करतच नाहीत. लाज वाटते. शिवाय अर्ज आता बहुतेक ऑनलाइन असतात.

बाराखडी

उत्तरायण काका, मीटरच्या पडद्याबद्दल वाचून खरंच थांबले. हे लक्षातच आलं नव्हतं.

अर्जाचा मुद्दाही मान्य. मग गरज ओळखायचं काम अर्जदारावर कशाला टाकायचं? कराच्या नोंदी सरकारकडे आहेतच. सगळ्यांना द्या आणि ज्यांचं उत्पन्न जास्त आहे त्यांच्याकडून करातून परत घ्या. अर्ज नको, लाज नको.

आणि मोठ्या घरांबद्दल: पैसे नसतील तर सरकारने आत्ता खर्च करावा, भिंती-छपराला इन्सुलेशन (ऊब बाहेर जाऊ न देणारा थर) करून द्यावं, खिडक्या बदलाव्यात, आणि ते घर पुढे विकलं जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा वसूल करावं. जिवंतपणी एक पैसाही मागू नये. हे मला न्याय्य वाटतं. माझ्या पगारातून एखाद्या वारसाच्या घराची किंमत वाढवणं मात्र नाही पटत.

हिशेबनीस

@बाराखडी, तुमची पहिली सूचना म्हणजे ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये झालं तेच: रक्कम द्यायची आणि मर्यादेपलीकडच्यांकडून करातून परत घ्यायची. अर्ज करावा लागला की खरे गरजूच गळतात, हे पेन्शनच्या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे.

दुसऱ्या सूचनेलाही आधार आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून, वृद्धाश्रमात जावं लागलेल्या माणसाची शुश्रूषेची फी स्थानिक प्रशासन आधी भरतं आणि घर विकल्यावर वसूल करतं, अशी सोय सगळीकडे द्यावी लागते. शुश्रूषेसाठी हे चालत असेल तर इन्सुलेशनसाठी का नाही? उलट तिथे रक्कम कितीतरी लहान आणि तारण तेच. घर नीट तापलं तर वृद्धाश्रमाची वेळही लांबू शकते.

यात एक खड्डा आहे. म्हातारी माणसं घरावर बोजा चढवायला फार कचरतात. 'मुलांसाठी ठेवायचंय' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. तेव्हा मुलांनीच पुढे होऊन 'आमच्या वाट्यातून जाऊ द्या' असं सांगणं बरं. कायद्याने मुलांवर किती ओझं टाकावं यालाही हद्द हवी. जर्मनीने २०२० पासून, वर्षाचं ढोबळ उत्पन्न १,००,००० युरोंच्या वर असेल तरच आईवडिलांच्या शुश्रूषेचा खर्च मुलांकडून मागता येईल असं ठरवलं. ही रेघ मला शहाणपणाची वाटते.

भाडेकरू वृद्धांचं काय, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. खिडक्या मालकाच्या, बिल भाडेकरूचं. मालकाला खर्च करायचं कारणच नाही. तिथे कायदाच लागतो: इतकं कमी इन्सुलेशन असलेलं घर भाड्याने देताच येणार नाही, असा.

शेकोटी

वाचता वाचता जपानमधली एक वस्तू आठवली. २००१ मध्ये झोजिरुशी कंपनीने गरम पाण्याचं विजेचं भांडं आणलं, ते वापरलं की लांब राहणाऱ्या नातेवाइकांना निरोप जायचा. आईने सकाळी चहासाठी पाणी घेतलं म्हणजे आई ठीक आहे. ते भांडं वीज वाचवायला बनवलेलं नव्हतं आणि आईकडून काही बदलून घ्यायलाही नव्हतं. फक्त कळवायचं.

मला वाटतं थर्मोस्टॅटचंही वृद्धांच्या घरातलं काम हेच असायला हवं. खोली सलग काही तास १७ च्या खाली आहे, हीटिंग चालू आहे तरी तापमान चढत नाही, किंवा भर हिवाळ्यात दोन दिवस हीटिंग लावलंच गेलेलं नाही. ही माहिती योग्य माणसापर्यंत पोचली तर तिची किंमत बिलातल्या दहा टक्क्यांहून कितीतरी जास्त आहे. बॉयलर बंद पडला की पैसे वाचवायला माणसाने बंद केलाय, हे ओळखता आलं तर कोणाला पाठवायचं तेही कळेल: मेकॅनिकला, की बिलाची मदत करणाऱ्याला.

दीपमाळ

शेकोटी, सहमत. पण निरोप गेल्यावर उचलणारं माणूस पाहिजे. रात्री दोन वाजता संदेश येतो 'खोली १४ अंश', मुलगी दुसऱ्या देशात, शेजाऱ्याची किल्ली नाही. नुसता इशारा देणारी व्यवस्था म्हणजे जबाबदारी घरच्यांच्या फोनवर ढकलणं. सरकार उपकरणं वाटत असेल तर त्याच कामाच्या खर्चात फिरत्या माणसांचे पगारही धरा. ते धरले जात नाहीत, कारण उपकरण एकदाच विकत घ्यावं लागतं आणि पगार दर महिन्याला.

माहिती कोणाकडे जाते हेही लिहून हवं. खोलीच्या तापमानावरून माणूस कधी उठतं, कधी घरी नसतं, कधी दवाखान्यात आहे हे सगळं कळतं. विमा कंपनीच्या हाती ते लागता कामा नये.

पान्हा

किती वर्षं टिकेल याचाही विचार करा. नेस्ट (आता गूगलच्या मालकीची कंपनी) हिचा पहिला हुशार थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, दुसरा २०१२ मध्ये. २५ ऑक्टोबर २०२५ पासून गूगलने त्या दोन्हींचा आधार थांबवला. भिंतीवर हाताने चालतात, पण फोनवरून नियंत्रण गेलं. साधा यांत्रिक व्हॉल्व्ह मी तीस वर्षांचा चालू पाहिलाय. छपराखाली घातलेलं इन्सुलेशन तर घराएवढं टिकतं, त्याला ना बॅटरी लागते ना पासवर्ड.

सरकारी पैशाने घ्यायचंच असेल तर माझ्या अटी अशा. इंटरनेट गेलं तरी हीटिंग चाललं पाहिजे. भिंतीवर फिरवायचं बटण हवं, आकडे मोठे हवेत. किमान तापमान आत पक्कं बसवता आलं पाहिजे, म्हणजे कुठल्याही 'बचत' प्रकाराने ते त्याखाली जाणार नाही. एका कंपनीच्या सर्व्हरवर अडकलेलं नको. २०२२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जोडणारं मॅटर नावाचं सामाईक मानक आलंय, निदान ते चालणारं घ्या.

आणि बसवणाऱ्याला दुसऱ्यांदा यायचे पैसे द्या. पहिल्या दिवशी सगळं चालतंच. कडाका पडल्यावर पंधरवड्याने कोणीतरी जाऊन बघितलं पाहिजे की सेन्सर पडद्यामागे गेला नाही ना, माणसाने घाबरून सगळं बंद केलं नाही ना. या दुसऱ्या फेरीसाठी मला आजवर कुठल्याच योजनेत पैसे मिळालेले नाहीत.

बाराखडी

पान्हा, या दुसऱ्या फेरीसाठी माझ्या पगारातून पैसे गेले तर माझी हरकत नाही. मनापासून सांगते. कशासाठी जातात ते दिसलं की चीड कमी होते. माझी मुख्य तक्रार ही होती की वर्गणी एका मोठ्या विहिरीत पडते आणि पुढे काय होतं ते कळत नाही.

पण निवृत्तीच्या वयावर मी ठाम आहे. खुर्चीत बसून काम करणारा ७० पर्यंत करेल. पान्हा, तुम्ही ७० व्या वर्षी रेडिएटर उचलणार का?

पान्हा

नाही. गुडघे आत्ताच बोलतात. हा प्रश्न हिशेबनीसांनी घ्यावा.

हिशेबनीस

घेतो, पण उत्तर पुरं समाधान करणारं नाही. एकच वय सगळ्यांना लावलं की अंगमेहनत करणाऱ्यांवर अन्याय होतो, कारण ते आधी थकतात आणि सरासरीने कमीही जगतात. त्यांनी वर्गणी भरायची आणि पेन्शन जास्त वर्षं घ्यायची ती कचेरीतल्यांनी, असं होतं. वय सोडून भरलेल्या वर्षांवर जाणं हा एक मार्ग: अठराव्या वर्षी कामाला लागलेल्याने आधी थांबावं. त्याला पैसे जास्त लागतात हे उघड आहे. ते मिळवायचे तर फक्त पगारावरच्या वर्गणीवर विसंबता येणार नाही, मालमत्तेकडे वळावं लागेल, आणि तिथे पुन्हा बाराखडींचं मोठं घर येतं. यावर वेगळा धागा काढू, इथे ऊब हरवायला नको.

उत्तरायण

पान्हा, आपला सल्ला हवा आहे. काल मुलीशी बोललो. मी म्हटले, तुला माझ्या घराचे तापमान दिसू दे, मला हरकत नाही, पण बदलायचा अधिकार माझ्याकडे राहील. तिला हे पूर्ण पटलेले नाही. ती म्हणते, बाबा, तुम्ही बंद करून बसाल. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, हे वर मीच लिहिले आहे. मधला मार्ग आहे का?

पान्हा

आहे काका. ॲपमध्ये तिला 'फक्त पाहणारी' असं सदस्यत्व देता येतं का ते बघा, बऱ्याच यंत्रांत येतं. मग किमान तापमान १८ वर पक्कं करा. ते तुम्ही स्वतः करायचं, तिने नाही. त्याच्यावर किती ठेवायचं ते तुमच्या बटणावर. १७ च्या खाली तासभर राहिलं तर तिला आणि शेजारच्या एका माणसाला संदेश जाईल असं लावा. शेजाऱ्याला आधी विचारा आणि एक किल्ली देऊन ठेवा. 'घरी कोणी नाही' ओळखणारा प्रकार असेल तर तो बंदच करून टाका.

तुमच्या यंत्राचा प्रकार आणि बॉयलर कोणत्या पद्धतीचा आहे ते इथे लिहा. फोटो टाकलात तर पाण्याचं तापमान कुठून कमी करायचं तेही दाखवतो.